आधीच भरलेली तारीख

वेबसाइटवरचा फॉर्म कसा असावा याबद्दल माझी मतं फार ठाम होती. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात इतर मुलं दिसेल ती फुकटची लायब्ररी उचलून जोडायची आणि चहाला जायची. लायब्ररी म्हणजे जगात कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला तयार कोड. फॉर्मचे रकाने, बटणं, कॅलेंडर, रंग, सगळं आयतं मिळतं; आपण निवडायचं आणि आपल्या कामात बसवायचं. ती निवड ऑफिसात माझ्याकडे असायची. शेवटचा बदल कधी झाला, किती तक्रारी उत्तराविना पडून आहेत, हे मी भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून बघावं तसं बघायचे. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवायचेही नाही.

एका धर्मादाय ट्रस्टचं काम आमच्याकडे आलं. शहरात ते मोफत डायलिसिसचं केंद्र सुरू करणार होते. मशिनं मोजकी, रुग्ण भरपूर, म्हणून ऑनलाइन अर्ज मागवायचे आणि ज्याचा अर्ज आधी त्याचा नंबर आधी. मी नेहमीप्रमाणे लायब्रऱ्यांची यादी काढून बसले होते, तेव्हा आमच्या मजल्यावर झाडूपोछा करणाऱ्या मावशी माझ्या खुर्चीमागं येऊन थांबल्या.

"ताई, ह्यो किडनीवाल्यायचा फारम हाय म्हणं. तुमीच करायलाय व्हय?"

मी हो म्हटलं. मावशींच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदाच मशिन मिळायचं. डॉक्टरांनी आठवड्यातून किमान दोनदा घ्यायला सांगितलं होतं. मधल्या दिवसांत पाय सुजायचे, बसल्या जागी धाप लागायची. मावशी म्हणाल्या, "तिथं नंबर लागला तर माणूस उठून बसंल माझा. फारम तुमीच भरा बरं का. तुमाला समदं ठावं हाय."

मी भरून देईन म्हटलं. त्यात मोठेपणा मिरवायची हौसही होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शेवटी दोन लायब्रऱ्या उरल्या. पहिली जुनी, रुक्ष. करड्या चौकटी, ठळक अक्षरं, आणि जन्मतारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन रिकामे रकाने. त्यातला एक जरी रिकामा राहिला तरी फॉर्म हटून बसायचा आणि लाल अक्षरांत का ते सांगायचा. दुसरी नवी होती. मऊ रंग, गोलसर कोपरे, बोट लावलं की झोकात उघडणारं कॅलेंडर. सरांना मी दोन्ही दाखवल्या. पहिली बघून ते म्हणाले, "ये तो पूरा सरकारी लगरा. ट्रस्टवाल्यांना जरा पुण्यासारखं काहीतरी दाखवा ना." सगळं सरांच्या माथी मारणं सोपं आहे. पण माझंही मन दुसरीवरच बसलं होतं. रुक्ष फॉर्म केला तर माझी निवड कुणाच्या डोळ्यांत भरणार?

त्या कॅलेंडरची एक खोड होती. ते आजच्या तारखेवर उघडायचं. पन्नाशी-साठीच्या माणसानं आधी वर्ष शोधायचं, मग महिना, मग दिवस. चाचणी करताना मी कंटाळले आणि मला एक युक्ती सुचली. कॅलेंडरला सुरुवातीची तारीख देता येत होती. मी तिथं एक जून टाकला. वर्ष तेवढं निवडायचं, दिवस आणि महिना आधीच भरलेला.

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराची जन्मतारीख घरच्यांना माहीत नसायची, मास्तर अंदाजानं वर्ष ठरवायचे आणि पुढं एक जून लिहून टाकायचे. आमच्या गावी, पिशोरच्या घरात माझे वडील, दोन्ही काका आणि आत्या, सगळे एक जूनचे. त्या दिवशी आम्ही एकच केक आणतो आणि चौघांच्या मध्ये ठेवतो. ऑफिसात युक्ती सांगितली तेव्हा हसण्याचा गलका झाला. सर म्हणाले, "हे पुण्याच्या पोरांना सात जन्मात सुचलं नसतं." मी फुगले.

त्या लायब्ररीच्या पानावर कुणा परक्या माणसाची एक जुनी तक्रार होती. तारीख आधी भरून ठेवली की लोक ती तपासत नाहीत, तशीच पुढं पाठवतात, असं त्यानं लिहिलं होतं. त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. मी ती पूर्ण वाचली. आमची माणसं याला काय माहीत, असं मनात म्हटलं आणि पान बंद केलं.

फॉर्म सुरू झाला त्या दिवशी आमच्या गल्लीत नळाचा दिवस होता. पाणी भरून निघेपर्यंत मला उशीर झाला. मावशी जिन्यातच बसल्या होत्या, मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. मी पर्स खांद्यावरून न काढताच कॉम्प्युटर सुरू केला आणि भराभर भरत गेले. नाव, पत्ता, दवाखान्याचा कागद. आधार कार्ड माझ्या डाव्या हाताशी होतं. त्यावरचं वर्ष बघितलं, कॅलेंडरमध्ये ते दाबलं, एक जून दिसला, आणि हात पुढच्या रकान्यावर गेला. कार्डावर तारीख काय आहे हे मी बघितलं नाही. त्या वयाचा, गावाकडचा माणूस. माझ्या लेखी तो एक जूनचाच होता.

"झालं का ताई?"

"झालं मावशी. पहिल्या काही नंबरांत आहे तुमचा अर्ज."

त्यांनी अर्जाचा नंबर माझ्याकडून कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला.

त्यानंतर मावशी दर दोन-तीन दिवसांनी विचारायच्या. मी सांगायचे, तपासणी चालू आहे, वेळ लागतो. खरं तर मी उघडून बघितलंही नव्हतं. तिकडं त्यांच्या फोनवर इंग्रजीतला संदेश येऊन पडला होता, रिचार्जच्या जाहिरातींच्या गर्दीत. मग एके दिवशी ट्रस्टनं बाद अर्जांची यादी मागितली. मी ती काढली आणि त्यात मावशींच्या नवऱ्याचं नाव दिसलं. कारण: जन्मतारीख आधारशी जुळत नाही. मी जोडलेल्या कार्डाचा फोटो उघडला. तेवीस नोव्हेंबर. खाली आणखी नावं होती, तेच कारण, तोच एक जून.

दुसऱ्या दिवशी मावशी बादली भरत होत्या, तिथं जाऊन मी सांगितलं. माझी चूक झाली, एवढंच आधी म्हणाले. मग एक जूनचं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"एक जून का म्हून? आमच्या सासऱ्यानं खरी तारीख लिवून ठिवली व्हती. मास्तरानं शाळंत एक जून टाकला तर त्ये दुसऱ्या दिशी परत गेले. म्हणले, माझ्या लेकाला त्याची सोताची तारीख हाय, तीच लिवा. मास्तर लई बोलला त्यायला. पर बदलून घेतली त्यायनं."

सासरे धम्म घेतलेल्या पिढीतले होते, हे मला माहीत होतं. कागद किती महत्त्वाचा असतो हे ती पिढी पोटाला चिमटा काढून शिकली होती. एका बापानं मास्तरांपुढं उभं राहून मिळवलेली तारीख मी बसल्या खुर्चीत पुसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आता?"

मी ट्रस्टच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाला कार्ड दाखवलं, चूक माझी आहे हे लिहून देते म्हणाले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, बाद अर्ज दुरुस्त होत नाही. नवा भरायचा, तो रांगेत शेवटी लागतो. तुमचंच सॉफ्टवेअर आहे, तेच तसं करतंय." खरं होतं. तो नियम ट्रस्टनं सांगितला होता, पण लिहिला मीच होता. वशिलेबाजी होऊ नये म्हणून मी तो चांगला पक्का लिहिला होता.

नवा अर्ज भरला. त्याच दुपारी कॅलेंडर उपटून टाकलं आणि जुन्या, रुक्ष लायब्ररीचे तीन रिकामे रकाने बसवले. एका दुपारचं काम होतं. सरांनी कुरकुर केली, मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मग रोज सकाळी आल्यावर आधी रांग उघडायचे. नंबर पुढं सरकायचा, पण फार हळू. कुणाचा नंबर लागला की आनंद व्हायला हवा होता. मला त्या अनोळखी माणसाचा राग यायचा.

एका गुरुवारी मावशी आल्या नाहीत. शुक्रवारी त्यांच्या जागी दुसरी बाई आली, तिच्याकडून त्यांचा नवरा गेल्याचं कळलं. रांगेत त्यांच्यापुढं अजून बरीच माणसं होती.

सर म्हणाले, डॉक्टर सांगत होते हृदयही कमजोर होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. असेलही. दोनदा मशिन मिळालं असतं तर माणूस किती जगला असता, हे मला कुणीच सांगू शकत नाही. त्यानं माझी सुटका होत नाही. मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले, मागच्या रांगेत बसले, आणि मावशींच्या पुढ्यात जायचं धाडस न होता परत आले.

महिनाभरानं त्या कामावर आल्या. विधवा पेन्शनचा अर्ज करायचा आहे, असं कुणाशी तरी बोलताना मी ऐकलं. माझ्या टेबलाशी पोछा घेऊन आल्या तेव्हा म्हटलं, "मावशी, तो फॉर्म मी भरून देते. नीट बघून भरते."

त्यांनी पोछा बादलीत बुडवला, पिळला.

"नको ताई. तहसीलला जाऊन आले म्या. दिसभर रांगंत व्हते. नातीनं हातानं लिवला, आन् ह्यायची तारीख म्या तिच्याकडून दोनदा वाचून घेतली."

मग म्हणाल्या, "पाय वर घ्या." मी पाय वर घेतले, आणि त्यांनी माझ्या खुर्चीखालची फरशी पुसून घेतली.