नकाशातून गेलेलं मरुदानल्लूरचं दुकान

बाळांनो,

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आपल्या वेबसाइटच्या नकाशावर सगळ्या दुकानांपुढे पुरुषांची नावं आहेत, एकापुढेच बाईचं का?" मी "सांगेन कधीतरी" म्हणून विषय बदलला. तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलेल्या बाईनं प्रश्न टाळणं बरं नव्हे. म्हणून लिहिते. आताच लिहिते, कारण अजून ते जसं घडलं तसं आठवतंय. आणखी वर्षभरानं मी तीच गोष्ट स्वतःला सोयीची करून सांगेन.

तुमचे आजोबा गेल्यावर कॉफीच्या पुडीचं दुकान तुमच्या मामाकडे आलं. कुंभकोणमचं दुकान आपलं. बाकी आसपासच्या गावांतले दुकानदार आपली पूड विकतात. मामाच्या मनात आलं की वेबसाइटवर नकाशा हवा, म्हणजे गिऱ्हाइकाला आपली पूड जवळ कुठे मिळेल ते दिसेल. मामी कॉम्प्युटरवरचंच काम करते. ती म्हणाली, "नकाशा मी करते. मला फक्त शीट नीट भरून द्या. एका ओळीत एक दुकान: नाव, पत्ता, फोन, आणि शेवटी त्या जागेचे अक्षांश-रेखांश."

नीट भरून द्यायचं म्हटल्यावर ते काम माझ्याकडेच येणार. मी आपली जुनी वही काढली. दुकानदारांची ही वही माझ्या सासूबाईंनी सुरू केली, पुढे ती माझ्याकडे आली. एकोणीस दुकानं होती. एकेक पत्ता फोनवरच्या नकाशात शोधायचा, त्या जागी बोट दाबून धरायचं, दोन आकडे येतात ते शीटमध्ये उतरवायचे. चार दिवसांत झालं. मला अभिमान वाटला, लपवत नाही.

पहिल्यांदा नकाशा उघडला तेव्हा आपल्या तंजावर जिल्ह्यात एकही खूण नव्हती. मामी नकाशा वर सरकवत गेली, सरकवत गेली, आणि नॉर्वेच्याही वर बर्फात एकोणीस लाल खुणा सापडल्या.

"आई, अस्वलांना फिल्टर कॉफी पाजायची आहे का?"

मी आकड्यांचे दोन रकाने उलटे भरले होते. ते सुलटे केले, खुणा घरी आल्या, आम्ही हसलो. तो धक्का हसण्यावारी गेला. दुसरा तसा गेला नाही.

आठवड्याच्या आत आडुतुरैहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. नकाशा बघून तो उन्हात तीन फेऱ्या मारून आला होता. आपल्या खुणेच्या जागी स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. मामानं मला विचारलं, "आई, तो दुकानदार तर कधीच वारला. त्याची पोरं बंगळूरला. तो शीटमध्ये कसा?"

याचं उत्तर वहीत होतं. सासूबाईंचा नियम होता, मेलेल्या माणसाच्या नावावर रेघ ओढायची नाही. ओल्या हळदीचं बोट नावापुढे टेकवायचं, बस्स. नाव तसंच राहतं. मीही तेच केलं. पण हळदीचा ठिपका शीटमध्ये कसा उतरणार? मी सगळी नावं सरसकट टाइप केली होती, जिवंत आणि गेलेली.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्याच दुपारी वही घेऊन बसले. ठिपका दिसेल त्या ओळीपुढे शीटमध्ये फुली मारत गेले. सहा फुल्या झाल्या. फुलीच्या ओळी एकत्र आणल्या आणि एकदम पुसल्या. मी ठिपके बघत गेले. नावं वाचली नाहीत.

त्याच सुमारास दुकानांना पूड पोचवणारा आपला जुना गाडीवाला थकून घरी बसला. त्याला सगळा रस्ता तोंडपाठ होता. नवा गाडीवाला तिरुक्करुगावूरकडचा, त्याला इकडचं काही ठाऊक नव्हतं. मामानं त्याला फोनवर तोच नकाशा दिला. जिथे खूण, तिथे पूड टाकायची.

तीन आठवडे गेले. एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि वन्सं उतरल्या. म्हणजे माझी नणंद, तुमच्या आईची मरुदानल्लूरची आत्या. आपलं कॉफीचं दुकान तिच्या वडिलांनी काढलं, म्हणजे हे तिचं माहेर. तिच्या हातात पुडीचा मोठा पत्र्याचा डबा होता. तिनं तो उंबऱ्याच्या आत ठेवला आणि झाकण काढलं. रिकामा.

"हा तुमचा डबा. परत करायला आले."

"वन्सं, आधी आत तर या. कॉफी टाकते."

"नको. मी आता दुसऱ्या कंपनीचीच पिते. भजनाला पाहुणे आले तेव्हा तीच पाजली. माझ्या बापाच्या पुडीला आख्खा गाव ओळखतो, आणि मी चिनी पुडकं फोडून पाजली!"

चिनी म्हणजे तिच्या भाषेत चकाकणारं काहीही.

"पण झालं काय?"

"मला विचारतेस, वैनी? गाडी माझ्या दारावरून जाते. मी हात केला. तो फोन पुढे करून म्हणतो, अम्मा, यात तुमचं दुकान नाही, काढून टाकलंय. कुणी काढलं म्हटलं, तर म्हणतो, मोठ्या अम्मांनी." तिनं झाकण डब्यावर आपटलं. "अण्णा होता तोवर मला माहेर होतं. तो गेला आणि वर्षाच्या आत तू मला पुसलंस. तोंडावर सांगायचं तरी होतंस गे."

मी आत जाऊन वही आणली. मरुदानल्लूरच्या पानावर तिच्या यजमानांचं नाव होतं आणि त्यापुढे पिवळा ठिपका. नऊ वर्षांपूर्वी तो मीच लावला होता. बाकीची पाच दुकानं मालकाबरोबर बंद पडली. हे एकच दुकान तेराव्यानंतर पुन्हा उघडलं होतं. वन्संनी उघडलं होतं. आणि हे मला ठाऊक नव्हतं असं नाही! दर दिवाळीला मी त्या दुकानात बसून आलेय.

मी सगळं सांगितलं, ठिपक्यापासून फुलीपर्यंत. तिनं चष्मा लावून पान पाहिलं. ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"हे ह्यांचं. बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि मी कुठे आहे?"

मी पान उलटलं. मागचं, पुढचं. ती कुठेच नव्हती. नऊ वर्षं दुकान तिनं चालवलं आणि माझ्या वहीत तिची ओळच नव्हती. वर्गात वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचं पूर्ण नाव नसलं तर मुलीला उभी करणारी बाई मी.

शीटमध्ये तिच्या देखत नवी ओळ घातली. तिचं नाव, मग बाकीचं. दुपारी डबा भरून मी तिच्याबरोबर मरुदानल्लूरला गेले आणि अक्षांश-रेखांश तिच्याच दुकानाच्या पायरीवर उभी राहून घेतले. फळीवर दुसऱ्या कंपनीची पुडकी ओळीनं मांडलेली होती. माझी नजर तिथे गेलेली तिनं पाहिली.

"ती राहू देत," ती म्हणाली. "तुझं बोट पुन्हा कधी फिरेल, काय सांगावं?"

मग तिनं कॉफी केली, आपल्या पुडीची. साखर विचारली नाही. मला किती लागते ते तिला ठाऊक आहे.

नकाशावर आता चौदा दुकानं आहेत. वहीतली सगळी नावं आणि सहाही ठिपके जागच्या जागी आहेत. मरुदानल्लूरचं दुकान चालू आहे. दुपारी एक ते चार बंद असतं.