आधी सांगा, मग टोचा

माझी माय अडाणी नव्हती. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण लसीच्या दिवसांत तिला तोंडावर अडाणी म्हणणारा माणूस अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचं गाव रिसोड तालुक्यात, केनवडच्या अलीकडे. आमच्या वस्तीतल्या दहा-अकरा बायकांची निंदणाची, म्हणजे पिकातलं तण काढायची, टोळी होती, आणि माय तिची म्होरकी. कॉलेज बंद पडलं म्हणून मीही विळा घेऊन टोळीत गेले. टाळेबंदीत सगळ्यांनी घरात बसायचं होतं, आम्ही सोडून. पोलीस फाट्यावर दंडुके घेऊन उभे असायचे आणि आम्ही मालकाच्या ट्रॉलीत एकमेकींच्या मांडीवर बसून हळदीच्या कामाला जायचो. शेतात पाणी मागितलं की मालकाची बायको तांब्या उंच धरून आमच्या ओंजळीत धार सोडायची. "रोगाचं हाये बाई, दुरूनच बरं," म्हणायची. ती धार आम्हाला नवी नव्हती. माझी आजीही त्याच घरी तसंच पाणी प्यायची. रोगानं फक्त त्या धारेला सांगण्यासारखं कारण मिळवून दिलं.

दुसऱ्या लाटेत बाबांना ताप आला. ते आपल्या पायांनी चालत जाऊन दवाखान्याच्या गाडीत बसले आणि खिडकीतून मायला म्हणाले, "बकरीले पाला टाकजो." सहाव्या दिवशी फोन आला. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शरीर लांबून दाखवलं. माय म्हणत राहिली, "तोंड तं पाहू द्या." कोणी पाहू दिलं नाही. काय औषध दिलं, कशानं गेले, असं मी विचारलं तर एक जण चालता चालता म्हणाला, "कागदावर लिहिलंय." कागद इंग्रजीत होता.

त्याच उन्हाळ्यात तरुणांची लस सुरू झाली, पण मोबाइलवर नंबर लावणाऱ्यांना. मी चार दिवस बोट दाबत बसले. नंबर उघडायचे आणि पापणी लवायच्या आत संपायचे. आमच्या केंद्रावर शहरातले लोक चारचाकीतून आले, दंडावर कापूस दाबत परत गेले. तेव्हा आमची आठवण कोणाला झाली नाही.

पावसाळ्यात मात्र गावच्या शाळेत शिबिर लागलं आणि अचानक सगळे आमच्या मागे लागले. वस्तीतून कोणी येईना, म्हणून एक साहेब स्वतः आला. चावडीसमोर उभा राहून मायला म्हणाला, "तुमच्यासारख्या अडाणी बायांमुळेच रोग पसरतो. लस नाही तर राशन बंद!"

माय शांतपणे म्हणाली, "माह्या माणसाले काय देलं ते कोणी सांगतलं नाही. आता मले काय टोचून राह्यले, ते आधी सांगा. मग टोचा."

साहेब गाडीत बसून निघून गेला. प्रश्न विचारणारी बाई त्याला अडाणी वाटली, आणि न सांगता टोचणारा तो शहाणा!

दुसऱ्या दिवशी नवी बदलून आलेली नर्सबाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. मायनं विचारलं ते सगळं तिनं सांगितलं. लस अंगात काय करते, कोणाला त्रास होतो, कोणी डॉक्टरांना आधी विचारायचं. "ताप येईल, मावशी. एक-दोन दिवस अंग मोडून येईल. खोटं नाही सांगत."

"मंग दोन दिस निंदण कोन करन?" माय म्हणाली.

खरी अडचण हीच होती. मालकानं टोळीला बजावलं होतं, "आता नका घेऊ. सोयाबीन तणानं भरलं हाये. पंधरा दिसानं घेजा." स्वतः त्यानं आणि त्याच्या बायकोनं वाशीमला जाऊन दोन्ही डोस कधीच घेतले होते.

मायनं त्या संध्याकाळी सगळ्या बायकांना बोलावलं. एकटी कोणी लस घेऊन तापानं घरी राहिली तर मालक तिच्या जागी दुसरी आणणार, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची असं ठरलं. दोघी घाबरून मागे सरल्या. मायनं त्यांना काही म्हटलं नाही. बाकी आम्ही शाळेत रांगेत उभ्या राहिलो. सुई टोचताना मायनं डोळे मिटले नाहीत, औषधाच्या बाटलीकडेच बघत राहिली.

दुसऱ्या सकाळी घरोघर ताप. मालकाची मोटारसायकल दारात आली. माय गोधडी पांघरून बाहेर आली.

"काहून नाही आल्या?" तो ओरडला.

"ताप हाये, भाऊ."

"मी सांगतलं होतं ना पंधरा दिसानं?"

"तुमी घेतली तवा आमाले इचारलं होतं काय?"

तो गाडी वळवून गेला. त्या हंगामात त्यानं दुसऱ्या गावच्या बायका आणल्या, आम्हाला परत बोलावलं नाही. आम्ही केनवडच्या बाजूला, रोज दीड तास चालत, दुसऱ्यांच्या शेतात गेलो. त्या पायपिटीत टोळीतल्या एकदोघी मायवर चिडल्या, आणि त्यांचं चिडणं मला चुकीचं वाटलं नाही. दुसऱ्या डोसच्या दिवशी मात्र त्या चिडलेल्या बायकाच आमच्या आधी शाळेत बसलेल्या होत्या.

आता लोक बोलतात की मजुरांची समजूत घालायला सरकारला किती त्रास झाला. ऐकलं की माझं डोकं फिरतं. समजूत घातली कोणी? एक बाई ओट्यावर बसली आणि विचारलेल्याला उत्तर दिलं. तेवढं काम करायला बाकीच्यांना काय झालं होतं?