चौथी चाल

काशिनाथदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंजूरच्या रिक्षात होतो, त्यालाच भेटायला निघालो होतो. त्याला आता तीन आठवडे झाले. माझा हा मावसभाऊ भिवंडीत जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. आमच्या भजनी मंडळात मी बुवा आणि तो माझ्यामागे तीच ओळ उचलत झील धरायला. माणूस भारी चौकस. नवी वस्तू खोलून पाहिल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात लाइट गेली, लूम थांबले आणि शेजारच्या चर्चच्या हॉलमधून गाणं ऐकू आलं. तबला नाही, पेटी नाही... दादा हातातल्या पान्यासकट आत शिरला. तिथे चर्चसंगीताची कार्यशाळा चालू होती. दुसऱ्या दिवशी त्याने मलाही ओढून नेलं. शिकवणाऱ्या सिस्टर वसईच्या, घरचं मराठी बोलणाऱ्या. फार चौकशी न करता त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि लॅटिन शब्द देवनागरीत लिहून दिले.

आधी ग्रेगोरियन चांट. सगळ्यांची एकच चाल, पण ताल नाही. दादाचा हात मांडीवर पडायचाच. “सिस्टर, हिची सम कुठं हाय?”

“सम नाही, दादा. वाक्य संपलं की श्वास घ्यायचा.”

ते जमलं. घोडं अडलं ते चार आवाजांच्या गाण्यात. चौघांच्या चार चाली, त्याही एकाच वेळी! दादा जन्मभर झील धरलेला; शेजाऱ्याने ओळ उचलली की हा इमानदारीत तीच उचलायचा आणि सगळं गाणं कोसळायचं. मला हसू आवरत नसे. मग एकदा चहा पिताना तो म्हणाला, “लूमनं कान खाल्लं रं. डॉक्टर बोलला, दोन-तीन वर्सांत पुरतं बंद. त्याच्याआधी या चाली सुट्या सुट्या ऐकायच्या हायेत मना.” माझं हसू तिथेच जिरलं.

शेवटच्या दिवशी लोकांपुढे चौघे उभे राहिले, त्यांत दादा; मी समोर बाकावर. दादाने आपली खालची चाल घट्ट धरली होती. अर्ध्यावर आला आणि एकदम थांबला. सिस्टर डोळ्यांनी खुणावत होत्या, हा तोंड मिटून, मान कलती करून उभा... बाहेर आल्यावर मी तापलो. “एवढं शिकून चुकलास?”

“चुकलो न्हाय. तोंड चालू असल्यावर दुसऱ्याचं काय ऐकू येतंय? थांबलो, तवा तिन्ही सुट्या ऐकल्या. चौथी माझीच, ती काय ऐकायची?”

पुढे कान गेलेच. भजनात त्याचा सूर भलतीकडे जाऊ लागला, तेव्हा “दादा, तू नुसता बसत जा” असं मीच त्याला सांगितलं. आज त्याचं फार वाईट वाटतं. गेल्या दिवाळीत पाटीवर लिहून विचारलं, गाण्यावाचून करमतं का? वाचून तो खुदकन हसला. “त्या तीन चाली हायेत की. त्या दिवशी थांबलो नसतो, तर आज काय ऐकलं असतं?”

हल्ली भजन रंगात आलं की मी मध्येच गप्प होतो आणि मागचे आवाज एकेक करून ऐकतो. मंडळी म्हणतात, बुवा शब्द विसरायला लागले. म्हणू देत.