लग्नात जेवलेला एजंट

गेल्या मंगळवारी सकाळी म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये, माझ्या बहिणीच्या नव्या घरी, एक अनोळखी बाई आली. त्या घराचे फाटक आधी वर उचलून मग आत ढकलावे लागते… हे कळायला आम्हाला आठ दिवस लागले होते. बाईने ते एका हाताने, न बघता उघडले.

मी पुण्यात तेहतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. त्या फाटकावरून निघणारे अनुमान ती पायरी चढेपर्यंत मला काढता यायला हवे होते. मी मात्र तिला विचारले, पत्ता चुकलात का?

ती कन्नडमध्ये काही बोलली, मग आमच्यासाठी हिंदीवर आली. "नोटीस आएगा. उससे पहले मुँह से बोलना चाहिए, इसलिए आई."

घर तिच्या वडिलांचे. दोघा भावांनी वारसांच्या यादीतून तिचे नाव गाळले आणि घर आम्हाला विकले… ती पन्नाशीची असावी. आवाज एकदाही चढला नाही.

मागची हकिकत सांगणे भाग आहे. सुधा माझी धाकटी बहीण. यजमान गेल्यावर सांगलीचा फ्लॅट विकून ती म्हैसूरला आली, उरलेली वर्षे भावाजवळ काढावीत म्हणून. मी निवृत्तीनंतर मुलाकडे जयलक्ष्मीपुरमला राहतो. बारा वर्षे झाली, अजून मला कन्नड वाचता येत नाही.

त्यामुळे घर घ्यायला एजंट हवाच होता, आणि त्याची निवड सुधाने निर्धास्तपणे माझ्यावर सोपवली.

दोन नावे पुढे आली. पहिले गृहस्थ आमच्यासारखेच महाराष्ट्रातून आलेले. लॅपटॉप, फाइलमध्ये रंगीत खुणा, प्रत्येक प्रश्नाला मुद्देसूद उत्तर. दुसरे हनुमंतराव, इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. स्कूटर हेच ऑफिस, आणि वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये, 'नाही का?'च्या जागी 'अल्ला?'वर, संपायचे.

मी दोघांना तेच प्रश्न विचारले आणि वहीत गुण मांडले. हे घर पहिल्यांनी दाखवले. खबरदारी म्हणून त्याची फाइल मी हनुमंतरावांपुढे ठेवली.

"कागद समदे बरे हायत सर. खरं ह्या घरात एक लेक होती, अल्ला? हासनला दिली. तिची सही कुठं हाय?"

"पुरावा आहे का?" मी विचारले.

"पुरावा काय सर! तिच्या लग्नात मी जेवलोय की. होळिगे, आपली पुरणपोळी, दोनदा वाढून घेतली!"

सुधा हसली. मी वहीत लिहिले: 'ऐकीव. ग्राह्य नाही.'

मी पहिल्या गृहस्थांकडे शंका काढली होती. वारसांचा दाखला रीतसर आहे, त्यात लेक नाही, असे ते म्हणाले. मला पटले, व्यवहार झाला… वास्तविक ज्या माणसाने तिच्या लग्नात ताटावर बसून जेवण केले, त्याची साक्ष प्रत्यक्ष असते, ऐकीव नव्हे. हे मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवत असे. पण ज्याचे बोलणे नीटनेटके त्याचा व्यवहारही नीटनेटका, हे गृहीतक मी कधी तपासलेच नव्हते. सगळे गुण त्यावर उभे होते.

मंगळवारी त्या बाईसमोर मी युक्तिवाद मांडू लागलो. आम्ही सद्हेतूने खरेदी केली, आम्हाला कल्पना नव्हती…

"दादा, पुरे." सुधाने मला थांबवले आणि तिच्याकडे वळली. "आपको किसीने पूछा भी नहीं?"

"नहीं."

सुधाने कॉफी केली. बाई ती प्यायली, उठली, आणि जाताना फाटक उचलून नीट लावून गेली.

ती गेल्यावर सुधा म्हणाली, "मला निदान विचारलं होतंस." मिरजेच्या वडिलोपार्जित घराच्या वेळी तिने माझ्यासाठी हक्कसोडपत्रावर सही केली होती. मी कागद पुढे केला होता, पेनही मीच दिले होते… ते विचारणे होते का, हे तिला विचारण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.

शुक्रवारी नोटीस आली. पहिल्या गृहस्थांना फोन केला. "सर, हा वारसांमधला वाद आहे. माझी भूमिका खरेदीखतापाशी संपते." वाक्य नेहमीसारखेच नेटके होते.

रविवारी हनुमंतरावांना गाठले. 'मी सांगितलं होतं,' असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. कोर्टात साक्ष द्याल का, मी विचारले.

"येतो की सर. खरं तिच्या बाजूनं येणार. तुम्ही राग धरू नका हं."

चामराजपुरमला येऊन मी ते सुधाला जसेच्या तसे सांगितले. ती न उघडलेल्या खोक्यांमध्ये बसली होती. "मग त्यांनाच सांग, तुझ्या घराजवळ भाड्याची खोली बघायला. कोर्टाचं जे व्हायचं ते होईल. जिला विचारलं नाही, तिच्या घरात मी ही खोकी उघडणार नाही."

काल हनुमंतरावांनी खोली दाखवली. कुलूप काढण्याआधीच दोष सांगितले: दुपारी पाणी नाही, मोरी तुंबते, वरचा म्हातारा रेडिओ मोठ्याने लावतो. वही माझ्या खिशात होती. मी ती काढली नाही.

प्रश्न सुधानेच विचारला. "मालकांना लेक आहे?"

"दोन हायत अक्का. दोघींना विचारून आलोय."

हनुमंतराव फेसबुकवर नाहीत, हे ते वाचणार नाहीत… आभार तोंडानेच मानले पाहिजेत. उद्या सकाळी जातो.