ड्राफ्टवरचा एक रुपया

कोणत्याही राष्ट्राची सीमा ही त्याच्या सार्वभौमत्वाची पवित्र रेषा असते, असं मी नागरिकशास्त्राच्या तासाला बावीस वर्षं शिकवलं. त्या रेषेला एक खिडकी असते आणि खिडकीवर दरपत्रक लावलेलं असतं, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. ते मला धाकट्या भावामुळं कळलं.

भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवायचा. लोखंडातला केसाएवढा फरक त्याला बोट फिरवून कळतो. परदेशातल्या एका कंपनीनं त्याला नोकरीचं पत्र पाठवलं. देशाचं नाव महत्त्वाचं नाही; तिथं थंडी फार आहे. कुशल कामगाराच्या व्हिसाचा अर्ज तयार होत होता, तेवढ्यात त्या सरकारनं फी वाढवल्याची सूचना आली. पुढच्या सोमवारपासून जवळजवळ दीडपट. कारण दिलं होतं, सेवेचा दर्जा उंचावणे. आमच्याकडंही पाणीपट्टी वाढली की हेच कारण छापून येतं, त्यामुळं परदेश मला एकदम जवळचा वाटला.

जुन्या फीसाठी भावानं मोटारसायकल विकली होती. वाढीव फीसाठी विकायला दुसरी नव्हती. शनिवारपर्यंत अर्ज मुंबईच्या व्हिसा केंद्रात पोचला तर नोकरी, नाही तर वाळूज.

फी ड्राफ्टनं भरायची होती. भावाची पाळी आणि माझी शाळा, म्हणून बुधवारी आमचे वडील, अण्णा, क्रांती चौकातल्या बँकेत गेले. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. कागदाच्या कामात आम्हा दोघांपेक्षा पक्का. संध्याकाळी ड्राफ्ट पाकिटात बंद होता आणि पाकिटावर कुंकवाचं बोट होतं. आम्ही उघडून पाहिलं नाही.

गुरुवारी आम्ही दोघांनी रजा टाकली आणि सकाळी अण्णांसह तिघं उस्मानपुऱ्यातल्या एजंटकडं गेलो. हा साठीचा गृहस्थ अर्ज भरून द्यायचा आणि चार वाजताच्या कुरिअरनं मुंबईला पाठवायचा. फाइल तपासता तपासता तो ड्राफ्टपाशी थांबला.

"काका, ये एक रुपया जास्ती कायकू?"

"शुभाचा," अण्णा म्हणाले.

"किसके शुभ का?"

"पोराच्या. शून्यावर संपलेली रक्कम मी लग्नातबी कुणाला दिली नाय. हे तर जन्माचं काम."

"अहो, हा अहेर नाय, फी हाय. कमी पडली तर फाइल वापस, जास्त झाली तरी वापस. वरच्या रुपयाची पावती फाडायला त्यांच्याकडं जागाच नाय."

"एका रुपयानं त्यांचं काय बिघडतंय?"

"त्यांचं कुछ नै. तुमचं बिघडतं."

भावानं नोकरीचं पत्र फाइलमधून काढून पुन्हा वाचलं, जणू मजकूर बदलला असेल. परत आलेली फाइल हाती पडेपर्यंत सोमवार होऊन गेला असता. तेव्हा साडेअकरा वाजले होते. बँकेचा काउंटर दोनला बंद व्हायचा.

रिक्षा करून बँकेत गेलो. ड्राफ्ट रद्द करायला लेखी अर्ज लागतो. अण्णांनी तो उभ्या उभ्या लिहिला, डावीकडं समास सोडून, 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत. रद्द करण्याचं कारण: 'रक्कम शुभ असल्याने.'

काउंटरवरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं.

"काका, असं कारण चालत नाही."

"खरं हाय ते."

"असू द्या खरं. 'रक्कम चुकीची' असं लिहा."

"चुकीची नाय. मी मोजून दिली."

मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "लिवा की हो बाबा, आमालाबी घरी जायचंय."

शेवटी 'रक्कम जास्त' यावर तडजोड झाली. बाईंनी भावाला कुठं निघालास म्हणून विचारलं आणि त्यानं सांगितल्यावर, "मग स्वेटर शहागंजातून घेऊन जा, तिथं परवडणार नाहीत," असं बजावून सहीसाठी कागद स्वतः आत नेला. दोनला दहा मिनिटं असताना नवा ड्राफ्ट मिळाला. अण्णांनी तो स्वतःच्या हातात धरला नाही. माझ्याकडं द्यायला सांगितला.

शनिवारी दुपारी एजंटचा फोन आला. अर्ज दाखल झाला होता, पावती जुन्याच फीची होती. भाऊ "बरं" म्हणाला, आत जाऊन आडवा झाला आणि संध्याकाळच्या चहालाच उठला. आईनं त्याला मध्ये दोनदा पांघरूण घातलं, वैशाख असूनही. मला इतकं हलकं वाटत होतं, की सेवेचा दर्जा खरोखरच उंचावला आहे हे मी त्या दिवशी कुणालाही लिहून दिलं असतं.

तीन महिन्यांनी पासपोर्ट परत आला. पाकीट अण्णांनी उघडायचं ठरलं. ते हात धुऊन, टोपी घालून बसले. शेजारचे दोघंतिघं आले. एका सार्वभौम राष्ट्रानं आमच्या घरातल्या माणसाला आत घ्यायचं मान्य केलं होतं. अण्णा एकेक पान उलटत गेले आणि थांबले.

व्हिसा म्हणजे एक स्टिकर होता, जरा तिरका चिकटवलेला.