जिन्यातली दोन दारे

"उभं आहे ना?"

आमच्या घराच्या जिन्यावर कोणाचेही पाऊल वाजले की वरच्या मजल्यावरून हा प्रश्न येत असे. नमस्कार त्यानंतर, ख्यालीखुशाली त्याहूनही नंतर. येणाऱ्याने आधी जिन्याखालच्या कोपऱ्यात पाहायचे, गोधडीत गुंडाळलेली जीपची दोन दारे भिंतीला टेकून उभी असल्याची खात्री करायची आणि मोठ्याने "हौ, उभं आहे" असे सांगायचे. मगच वरून सुटकेचा निःश्वास ऐकू येई आणि माणूस पुढची पायरी चढे.

आपण वाचकांनी अशी माणसे पाहिली असतील, ज्यांची सारी काळजी एकाच वस्तूवर येऊन बसते. मी कोठीच्या बाजारपेठेत गेली तीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसतो, लोकांचे सरकारी अर्ज लिहून देतो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या टेबलापुढे पदवीधर उभे राहिले आहेत आणि त्यांच्या कपाळावरील आठी पाहून मी अर्जाचा पहिला परिच्छेद मनात जुळवला आहे. तरीही वरच्या मजल्यावर आमच्या शेजारी राहणाऱ्या या काकांच्या काळजीचा ठाव मला फार उशिरा लागला.

काका सरकारी खात्यात जीप चालवीत. खात्याने ती जुनी जीप लिलावात काढली तेव्हा निवृत्त झालेल्या काकांनीच ती घेतली. सुलतान बाजारातील आमच्या गल्लीत रस्त्यावर गाडी ठेवली तर पोलीस ती उचलून नेतात. आमच्या घराच्या आणि शेजारच्या भिंतीच्या मधे एक बोळ आहे. त्यात जीप बरोबर मावते, दोन्ही अंगांना वीतभर जागा उरते, पण आत दार उघडता येत नाही. म्हणून काका बोळाच्या तोंडाशी थांबत, दोन्ही दारे काढून जिन्याखाली ठेवत, जीप उलटी आत घेत आणि त्या वीतभर फटीतून अंग चोरून बाहेर येत. देह काडीसारखा होता म्हणून हे साधत असे.

आपण विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? काकूंसाठी. एका आजारानंतर काकूंचा डावा गुडघा वाकेनासा झाला. पाय काठीसारखा सरळ. आठवड्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावे लागे. एकदा ऑटोने नेले तेव्हा पाय बाहेर राहिला आणि कोठीच्या गर्दीत एका मोटारसायकलचा आरसा त्याला घासून गेला. त्या दिवसापासून काकांनी ऑटोचे नाव घेतले नाही. जीपचे डावे दार काढले की काकूंना स्टुलावरून अलगद आत सरकवता येई. मग दार बसवायचे आणि निघायचे.

"आडवं ठेवलं ना, मुनशीजी, तर पत्रा बसतो," ते मला समजावीत. "मग फट राहते. फटीतून धूळ, पाऊस, सगळं हिच्या पायावर. म्हणून दार उभंच पाहिजे."

तळमजल्यावर बांगड्यांचा एक व्यापारी राहतो. त्याची खोकी जिन्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात असत. तो गोधडीकडे पाहून हसे.

"क्या चाचा, दरवाजे कू दुल्हन बना के बिठाए? मुंह दिखाई कब है?"

"हात नक्को लावू रे बाबा," काका वरूनच ओरडत.

एके दिवशी त्याच्या हमालाचे खोके दाराला लागले आणि काचेला बारीक तडा गेला. शब्दाला शब्द वाढला. "किसी दिन कोई कंप्लेंट कर दिया तो?" असे व्यापारी रागात बोलून गेला. बोलून तो विसरला, काका विसरले नाहीत. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले.

"मुनशीजी, काही लिहून ठेवायचं का?"

"अर्ज असला की आधार असतो, काका," मी म्हणालो.

या व्यवसायात एक चूक घडते, जी फक्त आमच्याच हातून घडू शकते. ज्याला कोणी मनाई केलेली नाही, त्याची आम्ही परवानगी मागतो. मी तीन पानी अर्ज लिहिला. दारांची लांबी, रुंदी आणि अंदाजे वजन दिले. जिन्याचा नकाशा जोडला आणि दोन्ही कोपरे लाल शाईने दाखवले. काकूंच्या पायाविषयी असा परिच्छेद लिहिला की वाचताना काकांचे डोळे भरून आले. महापालिकेच्या कचेरीत अर्ज देऊन पोच घेतली आणि ती त्यांच्या हाती ठेवली. ती त्यांनी देवाजवळ ठेवली.

आठवड्याच्या आत टेप घेऊन दोन माणसे आली. माझा नकाशा त्यांना फार उपयोगी पडला. जिना ही बाहेर पडण्याची वाट आहे, तेथे काहीही ठेवता येणार नाही, सात दिवसांत हलवा, नाहीतर जप्त करू, असे त्यांनी लिहून दिले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. जाताना त्यांतला एक मला हळूच म्हणाला, "मना किसने किया था, जो पूछने आए?"

लाल शाईच्या दुसऱ्या कोपऱ्यामुळे बांगड्यांची खोकीही गेली. व्यापारी कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभा राहिला. "सलाम मुनशी साब! कलम में बहुत दम है तुम्हारे. एक अर्जी में दो घर साफ!"

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी दारे वर आपल्या खोलीत नेली. खोली एकच, एका भिंतीला चूल, दुसरीला काकूंची खाट. दारे खाटेशेजारी उभी केली आणि ती काकूंच्या पायावर कोसळतील या धास्तीने स्वतः दारांना पाठ लावून खुर्चीत बसले. मी दुपारी गेलो तर तसेच, संध्याकाळी गेलो तरी तसेच. काकू म्हणाल्या, "अहो, यांना उठायला सांगा. दाराला टेकू द्यायला हे, आणि यांना टेकू द्यायला कोण?"

"विकून टाकतो जीप," काका म्हणाले. काकूंनी भिंतीकडे तोंड केले. जीप गेली तर दवाखाना गेला, हे तिघांनाही ठाऊक होते.

मी घरी आलो. माझ्या खोलीत एका पूर्ण भिंतीला मांडणी होती. तीस वर्षांत लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची नक्कल मी तेथे गठ्ठे बांधून ठेवली होती. माझ्या पश्चात कोणी तरी ते वाचील अशी माझी समजूत होती. सातव्या दिवशी सकाळी मी रद्दीवाल्याला बोलावले. त्या तीन पानी अर्जाची नक्कलही त्यातच गेली.

बायको दारात उभी राहून पाहत होती. "माझं शिलाई मशीन ठेवायला वीस वर्षं जागा नव्हती. आता जीपच्या दारांना झाली?"

मी रिकामी मांडणी भिंतीपासून बाजूला ओढली. तिनेच भिंत पुसून घेतली आणि खाली जाडसर सतरंजी घातली.

त्यानंतर दीड वर्ष काका आठवड्यातून दोनदा आमच्याकडे येत. दारे उचलून नेत, परत आणून ठेवत, बोटाच्या पेराने पत्रा वाजवून पाहत आणि बायकोने दिलेला चहा उभ्यानेच पीत. बसायला सांगितले तर म्हणत, "नक्को, ती एकटी आहे."

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी नळावर पाणी भरताना ते खाली बसले. पुन्हा उठले नाहीत.

काकांच्या मुलीने काकूंना शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला, आपल्याकडे न्यायचे ठरवले. ती पुढे जाऊन खोली लावीत होती. येथे प्रश्न जीप बोळातून काढण्याचा होता. मी त्या फटीत खांदासुद्धा घालू शकलो नाही. शेवटी बांगड्यांच्या व्यापाऱ्याने सदरा काढून माझ्या हाती दिला, श्वास रोखला आणि आत सरकला. जीप बाहेर आणून म्हणाला, "चाचा रोज ये करते थे? या अल्लाह!" काकूंना पोचवायलाही तोच निघाला.

दारे मी खाली आणली. काकूंना स्टुलावरून आत सरकवले आणि आयुष्यात प्रथमच जीपचे दार बसवले. काकू आतून सांगत होत्या, मी बोल्ट आवळत होतो. गल्लीत मागे हॉर्न वाजू लागले. जीप निघाली, कोठीच्या बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली.

तेव्हा मी मूठ उघडली. आत एक बोल्ट होता.

मी धावत नाक्यापर्यंत गेलो. बसगाड्या, ऑटो, माणसे. जीप कोठेच नव्हती. काकूंना फोन लावला.

"काकू, जीप थांबवा! दार! एक बोल्ट माझ्याकडेच राहिला!"

पलीकडे वाऱ्याचा आवाज होता, आणि इंजिनाचा.

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "कधीची दार धरून बसलेय. तुम्ही घरी जा."