पॉलिमरसाठी धरलेले हात

आपलं सगळं युग पॉलिमरच्या पायावर उभं आहे, असं बाबा गंभीरपणे सांगत. सांगताना ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले असत आणि स्टुलाच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा असे.

बाबा खडकीच्या एका कारखान्यात रबर खात्यात कामगार होते. निवृत्तीनंतर आम्ही धायरीला राहायला आलो. मी तेव्हा नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. सोसायटीत माझी चौकशी होई; बाबा माझे वडील म्हणून ओळखले जात. त्यामुळे सोसायटीच्या व्याख्यानमालेत पॉलिमरवर बोलायचं बोलावणं त्यांना आलं, तेव्हा ते आठवडाभर धड जेवले नाहीत. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते आणि वक्त्यांच्या चुका टिपायला वही घेऊन बसत.

"दहावी झालेल्या माणसानं त्यांच्यापुढे काय बोलायचं?" बाबा म्हणाले.

"त्यांनी तरी रबर कधी शिजवलंय?" आई म्हणाली.

व्याख्यानाच्या दिवशी अध्यक्षांनी आपले दोन शब्द वीस मिनिटांत आवरले. बाबांनी टेबलावर प्लास्टिकची बादली, कंगवा आणि सायकलची ट्यूब मांडली. भाषणाचा कागद काढला, पाहिला, परत खिशात ठेवला. मग पहिल्या दोन रांगांना उभं करून शेजाऱ्याचा हात धरायला सांगितलं.

"तुम्ही एकेकटे होतात तेव्हा वायू होतात. आता साखळी झालात. हेच पॉलिमर. दोन साखळ्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून बादली तापवली की वितळते."

पार्किंगवरून वर्षभर अबोला असलेले दोघे नेमके शेजारी आले होते.

"अहो, सोडा आता हात."

"कसा सोडू? बादली गळेल."

तेवढ्यात बाबांनी आईला बोलावून दोन्ही रांगांतल्या एकेकाचा दंड धरायला लावलं. "ही गंधक. हिच्यामुळे साखळ्या बांधल्या जातात आणि रबर होतं. ओढा आता." रांग ताणली गेली आणि सोडताच हसत जागेवर आली. अध्यक्षांचे दोन्ही हात गुंतलेले होते. वही केव्हाच खाली पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष पिशवी घेऊन दारात उभे. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चुका ऐकायला ताठ बसले. अध्यक्षांनी पिशवीतून कुकरची रिंग काढली.

"साहेब, जरा बघता का? शिट्टीच होत नाही."

बाबांना आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. त्यांनी रिंग वाकवली, तिचा वास घेतला, उजेडाकडे धरली. रिंग कडक झाली होती. नवी आणावी लागली.